माशीचा नंबर

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो लहानसा खुंट बसवलेला असतो, त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. नेम धरताना तो काळा ठिपका नळीवर येऊन बसलेल्या माशीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडले असावे, अशी मी आपली समजूत करून घेतली आहे. सात वर्षांपूर्वी, मृगाचा पाऊस नुकताच लागला असताना, कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर एका सकाळी माझ्या डोळ्यांदेखत या एका माशीच्या दोन माश्या झाल्या. एक ठसठशीत काळी आणि तिच्या उजव्या खांद्यावर रेललेली दुसरी, राखाडी. मी रायफल रिकामी करून खाली ठेवली, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा दस्ता गालाला लावला, तरी दोघीही जागच्या जागी. शेजारच्या लेनवर सातवी-आठवीतला एक मुलगा खटाखट छर्रे सोडत होता. त्याला एकच माशी दिसत असणार आणि ती एकच दिसते याचे त्याला काही वाटतही नसणार, या विचाराने मला क्षणभर त्याचा रागच आला.

ही रायफल मुळात माझी नव्हे, मुलीची. २०१० साली तेजस्विनी सावंत यांनी म्यूनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या तीन-चार घरांनी आपापल्या मुली रेंजवर नेऊन घातल्या, त्यांत आम्हीही होतो. शिकाऊ मुलांच्या हातात सुरुवातीला ओपन साइटची एअर रायफल देतात. मागे खाच, पुढे माशी, बाकी काही नाही. हात बसला की मग पीप साइट, म्हणजे खाचेऐवजी बारीक भोकातून पाहून नेम धरायचा. मुलीचा हात बसला, पीपही आली, आणि मग बारावी, सीईटी, पुणे या क्रमाने सगळेच मागे पडले. पीपची रायफल एका होतकरू मुलीला देऊन टाकली. ओपन साइटची कोणी मागितली नाही, म्हणून ती कपाटावर राहिली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर एका रविवारी मी ती खाली काढली.

माझा हात अगदीच कोरा होता असे नाही. १९८४-८५ साली कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू टू रायफलने पंचवीस यार्डांवर झोपून गोळ्या मारल्या होत्या. आमचे उस्ताद हवालदार होते, आणि त्यांची सगळी विद्या तीन जोडशब्दांत मावत असे : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन. शिस्त म्हणजे नेम, हे तेव्हा आम्हाला फौजेतले हिंदी वाटे. बंदुकीची शिस्त धरणे हा आपल्याच मराठीतला जुना प्रयोग आहे आणि पुढे शाळामास्तरांनी तो शब्द स्वतःच्या कामासाठी नेला, हे मला फार उशिरा कळले. माशीच्या टोकाला उस्ताद फोरसाइट टिप म्हणत आणि सांगत, “फोरसाइट टिप साफ दिखना मांगता, टार्गेट धुंधला चलेगा.” आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे होतो. आम्हाला टिपही साफ दिसे, टार्गेटही साफ दिसे आणि मागची खाचही साफ दिसे. त्यामुळे धुंधला म्हणजे नेमके काय, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. जे शिकवले त्याचा अर्थ कळायला आधी डोळे बिघडावे लागतील, हे काही त्या वेळी शिकवण्यात नव्हते.

डोळ्यांनी पहिली नोटीस दिली ती मात्र रेंजवर नाही, वर्कशॉपमध्ये. उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. फौंड्रीवाल्यांकडून कास्टिंग्ज यायची, ती आम्ही लेथवर आणि मिलिंगवर मापात आणून द्यायची, असा धंदा. व्हर्नियर कॅलिपरवर दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकतात आणि खालच्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या कोणत्या रेघेशी तंतोतंत जुळली, त्यावरून मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एका संध्याकाळी मला एका रेघेऐवजी चार रेघा जुळलेल्या दिसल्या. हात जरा लांब केला, तेव्हा दोन. आणखी लांब केला, तेव्हा एक, पण ती कितवी ते वाचता येईना. मराठीने त्या वयाला आणि त्या चष्म्याला मिळून चाळिशी हा एकच शब्द ठेवला आहे, आणि तो किती काटेकोर आहे हे शब्दकोशापेक्षा व्हर्नियरवर जास्त लवकर समजते. लेथवरचा आमचा जुना कारागीर म्हणाला, “शेठ, डिजिटल घ्या की आता.” घेतले. मोठाले आकडे आपोआप उमटू लागले आणि रेघा जुळवण्याचा प्रश्न मिटला. म्हणजे डोळ्यांशी मी केलेली पहिली तडजोड ही डोळ्यांना कामावरून कमी करण्याची होती.

रेंजवर त्या तडजोडीला दुर्बीण म्हणतात. दुर्बीण लावली की फुलीच्या रेघा आणि लक्ष्य दोन्ही डोळ्याला एकाच पातळीवर दिसतात, आणि नंबर कितीही असला तरी आयपीस फिरवून तो भरून काढता येतो. माझ्या वयाच्या माणसाने सरळ दुर्बीण लावावी, हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला आहे की त्यात चूक काही नसणारच. तरीही मला खाच आणि माशीच हवी होती. याला हट्ट म्हणावे तर म्हणावे. डिजिटल व्हर्नियर घेतल्यापासून मी अचूक मापे घेतो, पण मापे घेण्यात मला पूर्वी जी गोडी होती ती गेली आहे, आणि दुसऱ्यांदा तसे होऊ देण्याची माझी तयारी नव्हती.

मग अडचण नेमकी काय आहे ते मी मापे घेऊनच पाहिले. दस्ता गालाला लावून मुलीकडून टेपने अंतरे मोजून घेतली : डोळ्यापासून खाच ४० सेंटिमीटरवर, माशी ८५ सेंटिमीटरवर, आणि टार्गेटचे कार्ड १० मीटरवर. डोळ्यातले भिंग बालपणी मऊ आणि लवचीक असते. त्याभोवतीचा स्नायू आवळला की ते फुगते आणि जवळचे दिसते, सैल पडला की चपटे होते आणि लांबचे दिसते. दहा वर्षांचे मूल नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट पाहू शकते. वय वाढते तसे हे भिंग टणक होत जाते. स्नायू आपले काम करत राहतो, पण भिंग ऐकत नाही. साठीच्या सुमारास ही लवचीकता एका डायॉप्टरच्या (डायॉप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजायचे माप) आसपास उरते, म्हणजे लांबचा चष्मा लावून सगळा जोर केला तरी मीटरभर अंतरावरचे कसेबसे दिसावे. ४० सेंटिमीटरवरची खाच पाहायला अडीच डायॉप्टर लागतात, माशीला सव्वाच्या थोडे आत, आणि कार्डाला जवळपास शून्य. एकाच वेळी या तिन्ही ठिकाणी राहणे कोणत्याही डोळ्याला जमत नाही, अठरा वर्षांच्याही नाही. अठरा वर्षांचा डोळा फक्त खाचेवरून माशीवर, माशीवरून कार्डावर आणि पुन्हा माघारी इतक्या झपाट्याने जाऊन येतो की आपल्याला तिन्ही एकदमच दिसतात असा भास होतो. माझी गेली ती ही येरझार. एका जागी धरलेली नजर माझी अजून बरी आहे, हे मला पुढे चष्मेवाल्याने सिद्ध करून दाखवले. पण तोवर मी दोन वर्षे चुकीच्या चष्म्यांत घालवली.

पहिली चूक चाळिशी लावून नेम धरण्याची. वाचायच्या चष्म्यातून खाच अशी लखलखीत दिसली की तिच्या कडेवरचा कानशीचा ओरखडाही मोजता यावा, पण माशी विरघळली आणि कार्डाच्या जागी एक काळा ढग उरला. मग प्रोग्रेसिव्ह चष्म्याची पाळी आली, ज्यात वरून लांबचे, मधून मधले आणि खालून जवळचे दिसते. रस्त्यावर आणि वर्कशॉपमध्ये तो मला फार उपयोगी पडला. रायफलवर मात्र मान पुढे झुकते, गाल दस्त्याला टेकतो आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते, जिथे शुद्ध लांबचा नंबर असतो. माशी स्पष्ट व्हावी म्हणून मी नकळत हनुवटी वर करू लागलो, हनुवटी वर गेली की गाल दस्त्यावरून सुटू लागला, आणि छर्रे कार्डावर वर-वर चढू लागले. मी मागची साइट क्लिक-क्लिक खाली घेत राहिलो. साइटचा दोष नव्हता, दोष मानेचा होता, आणि मानेचा दोष चष्म्याने घडवलेला होता. हे माझ्या लक्षात आले नाही, रेंजवर शिकवणाऱ्या ताईंच्या आले. त्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. मला काका म्हणतात आणि चूक सांगताना मात्र काकापणाची काही भीड ठेवत नाहीत. “काका, तुम्ही रायफलीकडं चष्मा घेऊन येताय. रायफल आधी लावा, मग चष्म्याला म्हणावं तू ये,” असे त्यांनी सांगितले.

चष्म्याला बोलावण्यासाठी चष्मेवाल्याकडे रायफल घेऊन जाणे भाग होते, पण भर महाद्वार रोडवरून खांद्याला रायफल लावून दुकानात शिरायचे, आणि मग पोलिसांना एअर रायफल म्हणजे काय ते समजावत बसायचे, हे काही जमण्यासारखे नव्हते. म्हणून मी वर्कशॉपमध्ये सागवानाची एक पट्टी घेतली, तिला दस्त्यासारखा उतार दिला, ४० सेंटिमीटरवर पत्र्याची खाच आणि ८५ सेंटिमीटरवर माशीच्या जाडीची पिन ठोकली, आणि ते अवजार वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात नेले. चष्मेवाल्याने ते उलटसुलट पाहून विचारले, “हे काय सतारीचं आहे का?” सगळे सांगितल्यावर मात्र त्याला माझ्याइतकाच रस वाटू लागला. त्याने आधी दोन माश्यांचा निकाल लावला : माझ्या उजव्या डोळ्याचा सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याचा, नंबर वाढला होता आणि त्याचा कोनही सरकला होता, म्हणून उभ्या काळ्या खुंटाच्या शेजारी त्याची सावली उभी राहत होती. तो नंबर दुरुस्त होताच राखाडी माशी बरीचशी मावळली.

मग ट्रायल फ्रेम, म्हणजे भिंगे बदलून पाहायची चौकट, माझ्या नाकावर बसवून त्याने मला दुकानाच्या दारात उभे केले. पट्टी गालाला लावून मी समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या टिंबावर नेम धरायचा, आणि तो लांबच्या नंबरावर अधिक पाव, अधिक अर्धा, अधिक पाऊण, अधिक एक अशी भिंगे चढवत-उतरवत राहायचा. अधिक एकला पिन सुरेख दिसली, पण पाटी पार गेली. अधिक पावला पाटी उत्तम, पिन दाढी न केलेल्या माणसासारखी. अधिक अर्ध्यावर दोन्हीही थोडी-थोडी मऊ, पण दोन्ही आपापल्या जागी ओळखू येणारी. यामागचे गणित नंतर मी कागदावर मांडले. नजर माशीच्या अंतराच्या साधारण दुपटीवर ठेवली, म्हणजे माझ्या बाबतीत पावणेदोन मीटरवर, की माशी आणि लक्ष्य यांच्यातली धूसरता सारखी वाटली जाते, आणि अधिक अर्ध्याचे भिंग विसावलेल्या डोळ्याला दोन मीटरवर नेऊन ठेवते. डोळ्यात जो काही डायॉप्टर-पाऊण डायॉप्टर जीव उरला आहे, तो मग माशीकडे झुकायला पुरतो. ज्या जागी हवेशिवाय काहीच नाही अशा जागी नजर लावायची, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. मी साधी एकनंबरी काच घातली, चौकट मोठी घेतली, म्हणजे मान झुकली तरी नजर काचेच्या मध्यातून जावी, आणि त्या चष्म्याच्या डबीवर स्केचपेनाने ‘माशी’ असे लिहून ठेवले. तो लावून जिना उतरू नये, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे, आणि मी स्वतः तो लावून दोनदा जिना उतरलो आहे.

मोठ्या स्पर्धांतल्या रायफलींना ही कटकट बरीच कमी असते, याचे कारण छिद्र. पीप साइटमध्ये डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती असते आणि माशीच्या जागी नळकांड्यात बसवलेले कडे. भोकातून फक्त मधले किरण आत येतात, म्हणून जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. चष्मा विसरलेला माणूस मुठीला बारीक भोक करून त्यातून बसची पाटी वाचतो, तोच हा प्रकार. तेजस्विनी सावंत यांचे म्यूनिक असो किंवा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ४५१.४ गुण मिळवून आणलेले कांस्यपदक असो, त्या रायफली भोकाच्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या राही सरनोबत यांच्या २५ मीटर पिस्तुलाला मात्र खाच आणि माशीच असते. पण पिस्तूल हात लांब करून धरायचे असल्यामुळे तिथे खाचही हातभर दूर जाते आणि माशीच्या जवळ येऊन बसते. डोळ्याला तीन गावांऐवजी दोनच गावे सांभाळायची असतात. रायफलीत खाच डोळ्याच्या उंबरठ्यावर, आणि म्हणून वय झालेल्या माणसाला सगळ्यात आधी तीच सोडून जाते. पोलिसांच्या खांद्यावर पूर्वी जी जुनी थ्री नॉट थ्री रायफल दिसे, तिच्या एका नमुन्यात उघडी खाच नळीवर बरीच पुढे बसवलेली असे. ती कोणी म्हाताऱ्या शिपायांसाठी तशी केली नव्हती, पण वर्कशॉपमध्ये बसून विचार करताना मला ती फार समंजस वाटली.

भोकाचा मोह मलाही झाला. लेथवर अॅल्युमिनियमची एक बारीक चकती वळली, मध्ये १.२ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडले, ती काळी केली आणि चष्म्याच्या काचेवर, नजर जिथून जाते तिथे चिकटवली. परिणाम थक्क करणारा होता. माशीला पुन्हा कोपरे आले आणि कार्डावरचा काळा गोल कंपासने काढल्यासारखा दिसू लागला. मी आठवडाभर घरात सर्वांना ती लावून पाहायला लावले. मग जुलै आला. दुधाळीवर ढग उतरले की दिवसा दहा वाजता सातचा उजेड असतो, आणि वयाबरोबर बाहुलीही बारीक होत जाते, भिंगही पिवळसर पडते. वीस वर्षांच्या डोळ्यात जितका उजेड पडद्यापर्यंत पोहोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. त्यातून पुन्हा १.२ मिलिमीटरचे भोक, म्हणजे आधीच बारीक केलेल्या दिव्याची वात आणखी खाली घेणे. भोक लहान केले तर अंधार आणि कडांना झालर, मोठे केले तर त्याचा उपयोग संपला. शिवाय ओपन साइटच्या गटात उभे राहायचे आणि भोक कपाळाला लावून यायचे, हे माझ्या मनाला काही पटले नाही. ती चकती आता माझ्या व्हर्नियरच्या डबीत पडून असते आणि लेथच्या नंबर-प्लेटवरची खोडलेली अक्षरे वाचायला फार उपयोगी पडते.

मग उरले ते रायफलीला हात लावणे. नवी असताना या रायफलीच्या खाचेत माशी इतकी गच्च बसे की दोन्ही बाजूंना केसाएवढीही फट दिसत नसे. तरुण डोळ्याला ते चालते. माझ्या डोळ्यात मात्र धूसर खाच आणि बरी माशी एकमेकींत मिसळून एकच काळा गोळा होई. मी सुईकानशीने खाच थोडी थोडी रुंद करत नेली, प्रत्येक वेळी पाच छर्रे मारून पाहत, आणि शेवटी माशीच्या दोन्ही अंगांना तिच्या जाडीच्या निम्म्याएवढा पांढरा उजेड दिसेल इथे थांबलो. डोळ्याला धूसर कडा जुळवता येत नाहीत, पण दोन पांढऱ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या आहेत की नाहीत हे तो धूसरपणातही चटकन सांगतो. या क्षमतेचे मला अजून नवल वाटते. माशीच्या डोक्यावर ऊन चमकले की ती चमकेच्या बाजूने बुटकी किंवा तिरकी भासते, त्यावर उपाय देवघरातून मिळाला. कापराची वडी पेटवून तिच्या धुरावर माशी धरली की तिच्यावर मखमलीसारखी दाट, अजिबात न चमकणारी काजळी बसते. आमच्या घरात कापूर आता दोन ठिकाणी ठेवलेला असतो.

डाव्या डोळ्याचाही धडा वेगळाच निघाला. मी तो आयुष्यभर घट्ट मिटून नेम धरत आलो होतो. ताईंनी तो उघडा ठेवायला लावला, कारण एक डोळा मिटला की अंधार झाला असे समजून दुसऱ्याचीही बाहुली पसरते, आणि पसरलेली बाहुली म्हणजे वाढलेली धूसरता. शिवाय मिटलेल्या डोळ्याचा ताण गालापर्यंत येतो. चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी चिकटपट्टी लावली, आता दोन्ही डोळे उघडे असतात आणि डाव्याला फक्त उजेड दिसतो. श्वास रोखून पंधरा-पंधरा सेकंद माशीकडे टक लावण्याची माझी जुनी सवयही सुटली. सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही तर माशीचा ठसा डोळ्यावर उमटून राहतो आणि मग आपण खऱ्या माशीऐवजी तिच्या आठवणीने नेम धरतो. रायफल खाली घ्यावी, रेंजबाहेरच्या हिरवळीकडे पाहावे, पापण्या चार वेळा मिटाव्यात आणि पुन्हा सुरुवात करावी. यात वेळ जातो, पण मी कोणाला हरवायला निघालेलो नाही.

एवढे सगळे करूनही कार्ड मला आज धूसरच दिसते, आणि माझ्या कित्येक महिन्यांच्या चुका या धूसरपणाशी भांडण्यातून झाल्या. शेवटच्या क्षणी, चाप दाबता दाबता, एकदा खात्री करावी म्हणून नजर कार्डाकडे पळे, आणि त्या पळण्यात माशी खाचेत सरके. ही सरक किती महाग पडते ते कागदावर मांडून पाहिले, तेव्हा मी सुन्न झालो. माझ्या खाचेत आणि माशीत ४५ सेंटिमीटर अंतर आहे. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा २२ मिलिमीटर सरकतो. अख्ख्या कार्डावरचा सगळ्यात बाहेरचा गोल ४५.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे मध्यावर धरलेला नेम थेट शेवटच्या कडेवर जाऊन पोहोचतो. याउलट माशी आणि खाच नीट जुळलेली असताना अख्खी रायफलच एक मिलिमीटर बाजूला धरली गेली, तर छर्राही एकच मिलिमीटर चुकतो. कार्ड धूसर दिसल्याची शिक्षा किरकोळ, माशी धूसर दिसल्याची बाविसपट. हे उस्ताद चाळीस वर्षांपूर्वी एका ओळीत सांगून गेले होते. “टार्गेट गोल दिसतंय ना? मग झालं. गोलाचा मध्य डोळ्याला आपोआप सापडतो, काका,” हे ताईंचे म्हणणेही तेच. द्रोणाचार्यांना अर्जुनाने दिलेले उत्तर आमच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांनी आमच्या डोक्यात असे बसवले आहे की नेम म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याशिवाय दुसरे काही न दिसणे, असेच वाटत राहते. धनुष्याचे मला माहीत नाही. पण खाच-माशीच्या रायफलीवर अर्जुनाने ते उत्तर दिले असते, तर आमच्या उस्तादांनी त्याला मैदानाला एक फेरी मारायला लावली असती.

गेल्या दिवाळीत उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. आमच्या पन्हाळ्याकडच्या दाजींचा याआधीच होऊन गेला आहे. त्यांच्याकडे गव्या-डुकरांपासून ऊस राखायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे, जी दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जाऊन बसते आणि निकालानंतर घरी येते. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी त्यांना विचारले होते की लांबचे स्पष्ट हवे की जवळचे, कारण डोळ्यात बसवायचे साधे भिंग एकाच अंतरासाठी असते आणि ते एकदा बसले की पुढे-मागे होत नाही. दाजी म्हणाले, “माशीचं द्या.” डॉक्टरांना वाटले, म्हातारबुवांना घरातल्या माश्या दिसत नाहीत म्हणून त्रास होत असेल. त्यांनी लांबचे भिंग घातले. दाजींना आता पलीकडच्या डोंगरावरची झाडे मोजता येतात आणि स्वतःच्या बंदुकीचे टोक दिसत नाही. “पाव्हणं, तुम्ही कागदावर लिहून न्या,” असे त्यांनी मला बजावले.

मी लिहून नेले. चिठ्ठीवर डोळ्यापासून खाच ४० सेंटिमीटर, माशी ८५ सेंटिमीटर, कार्ड १० मीटर, आणि खाली ती सागवानी पट्टीची आकृती. डॉक्टरांनी चिठ्ठी शांतपणे वाचली, चष्मेवाल्याचा ‘अधिक अर्धा’ पाहिला, आणि म्हणाले की मग शस्त्रक्रियेनंतर डोळा शून्यावर न आणता उणे अर्ध्यावर ठेवू, म्हणजे चष्म्याशिवायच नजर दोन मीटरवर राहील. फक्त मोजमापात थोडे इकडेतिकडे होऊ शकते, तेवढी तयारी ठेवा. मी म्हटले, तेवढी सवय आहे. त्यांनी चिठ्ठीला टाचणी मारून ती फाइलीत लावली आणि विचारले, “आणि डावा? त्यातही सुरुवात आहे, वर्ष-दोन वर्षांत तोही करावा लागेल. तो कशाला ठेवायचा?”

“डावा व्हर्नियरला,” मी म्हणालो. “पस्तीस सेंटिमीटर. ते पण लिहून घ्या.”